कळ आपली, किल्ली कोणाची?

मराठवाड्यात १७ सप्टेंबर या तारखेचे महत्त्व कोणाला समजावून सांगावे लागत नाही. १९४८ साली या दिवशी निजामी राजवट शरण आली आणि परभणीसह सारा मराठवाडा खऱ्या अर्थाने स्वतंत्र झाला. भारतीय मजदूर संघ हाच दिवस विश्वकर्मा जयंती, म्हणजे राष्ट्रीय श्रमदिन, म्हणून पाळतो. २०२४ साली याच तारखेला इकडे ध्वजवंदनाचे कार्यक्रम आटोपून लोक आपापल्या कामाला लागले असताना तिकडे लेबनॉनमध्ये हजारो माणसांच्या खिशातले आणि कमरेचे पेजर एकाच वेळी फुटले. दुसऱ्या दिवशी वॉकीटॉकी फुटले. अनेक ठार झाले, हजारो जखमी झाले. ते पेजर बाळगणारी हिजबुल्ला ही संघटना कोणत्या पठडीतली आहे, हे या पानांच्या वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही. तिच्याविषयी कळवळा वाटण्याचेही कारण नाही. परंतु विचार करण्याजोगी गोष्ट निराळी आहे. वस्तू त्यांना विकत घेता आली, वापरता आली. तिच्या आत काय दडले आहे हे वाचण्याची विद्या मात्र त्यांच्यापाशी नव्हती.

परभणीच्या शिवारात कोणी स्फोटके पेरून ठेवलेली नाहीत. येथला प्रश्न पुष्कळ साधा आहे, आणि साधा असल्यामुळेच त्याकडे कोणाचे लक्ष गेलेले नाही. गेल्या काही वर्षांत घराघरांत आणि आखाड्या-आखाड्यांवर बिनतारी रिमोटच्या कळा आल्या आहेत. दिवाणखान्यातला पंखा, फाटकाची मोटार, गच्चीवरच्या टाकीचा पंप आणि विहिरीवरची साडेसात अश्वशक्तीची मोटार, ही सारी एका काडेपेटीएवढ्या डबीच्या इशाऱ्यावर चालू-बंद होऊ लागली आहेत. ही डबी नेमके काय बोलते, कोणाशी बोलते आणि तिचे बोलणे आणखी कोणाला ऐकू जाते, हे प्रश्न विकणारा सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही.

या सोयीला नाके मुरडण्याचे कारण नाही. शेतीची वीज एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री, हा क्रम ज्यांनी अनुभवला आहे त्यांना रिमोटचे मोल अधिक सांगावे लागत नाही. जिंतूर-सेलूच्या बाजूला हिवाळ्याच्या रात्री दोन वाजता गव्हाला किंवा हरभऱ्याला पाणी सोडण्यासाठी बॅटरी हातात घेऊन बांधाबांधाने जाणे, वाटेत साप-विंचू आणि रानडुकरे, पायाखाली चिखल, समोर तीन फेजचा उघडा डबा; या खेपा ज्या साधनाने वाचतात, त्याला शेतकरी आशीर्वादच देणार. पुण्याच्या संतोष ओस्तवाल या अभियंत्याने नेमकी हीच अडचण ओळखून मोबाईलवरून मोटार चालू-बंद करणारे ‘नॅनो गणेश’ हे यंत्र सिद्ध केले आणि २००९ साली नोकिया कंपनीच्या जागतिक स्पर्धेत त्याचा गौरव झाला. आपल्या मातीतली गरज आपल्याच माणसाने सोडवल्याचे हे उदाहरण आहे. त्याआधी आणि त्यानंतरही शेतकऱ्याचा आधार होता तो ऑटोस्विचचा: वीज आली की मोटार आपोआप सुरू. परंतु वीज येताच सगळ्या शिवारातल्या मोटारी एकदम सुरू होतात आणि डीपीवर भार येतो, म्हणून ऑटोस्विच काढून टाका, असे आवाहन महावितरण पुनःपुन्हा करीत आली आहे. अशा स्थितीत स्वस्त बिनतारी रिमोटचा बाजारात शिरकाव व्हावा, हे स्वाभाविकच होते.

आता या डबीचे बोलणे ऐकू या. हा भाग थोडा तांत्रिक आहे; पण ज्याने शाळेत वृत्ते शिकली आहेत त्याला तो मुळीच अवघड जाऊ नये.

रिमोटची कळ दाबली की आतली चकती सेकंदाला सुमारे ४३ कोटी ३९ लाख आंदोलनांची रेडिओलहर सोडते. ही लहर अखंड नसते. ती क्षणभर चालू, क्षणभर बंद, पुन्हा चालू, अशी तुटक असते, आणि सगळा अर्थ या तुटकपणात असतो. बाजारात सर्वाधिक आढळणाऱ्या रिमोटमध्ये ही बोली अगदी ठरीव आहे. मात्रेचे एक एकक धरा, समजा सेकंदाच्या दहा लाखांश भागांपैकी ३५० भाग. एक मात्रा लहर चालू आणि तीन मात्रा बंद, हे झाले एक अक्षर. त्याला शून्य म्हणतात. तीन मात्रा चालू आणि एक मात्रा बंद, हे दुसरे अक्षर. त्याला एक म्हणतात. पहिले लघू, दुसरे गुरू. अशी चोवीस अक्षरे एकापुढे एक आली की चरण पूर्ण होतो आणि मग एक दीर्घ यती येतो: एक मात्रा चालू, एकतीस मात्रा स्तब्धता. पुन्हा तोच चरण. कळ दाबून धरली तर सेकंदाला वीस-बावीस वेळा हे आवर्तन होते. चोवीस अक्षरांपैकी पहिली वीस म्हणजे त्या रिमोटचे नाव, आणि शेवटची चार म्हणजे कोणती कळ दाबली याची खूण.

चोवीस अक्षरांचा छंद कोणता, हे मुंज झालेला मुलगाही सांगेल. लघू-गुरूंची किती आवर्तने संभवतात याचा प्रस्तार मांडण्याची रीत पिंगलाचार्यांनी छंदःशास्त्रात दिलेली आहे, आणि ती आजच्या द्विमान गणिताला तंतोतंत लागू पडते: वीस अक्षरांचे प्रस्तार १० लाख ४८ हजार ५७६. तेव्हा पिंगलाचार्यांनी रिमोट शोधला होता, अशी टाळ्यांची वाक्ये कोणी व्याख्यानमालेत उच्चारू नयेत. त्यांनी तो शोधला नव्हता. त्यांनी जे केले ते पुरेसे मोठे आहे, आणि त्यांचे नाव घेणाऱ्यांनी निदान आपल्या खिशातल्या रिमोटचा चरण मोजून पाहावा एवढी अपेक्षा रास्त ठरते.

तो मोजण्यासाठी लागणारी सामग्री काही शे रुपयांत मिळते. एक चिमुकली संग्राहक पट्टी, जी ही लहर पकडून तिचे चढउतार तारेवर उतरवते, आणि एक मायक्रोकंट्रोलर, म्हणजे सूक्ष्मनियंत्रक. इटलीतील इव्रेया या गावी २००५ साली विद्यार्थ्यांसाठी तयार झालेली आर्दुइनो नावाची पट्टी आज जगभरच्या शाळांत वापरली जाते. तिच्यावरच्या नियंत्रकाची तात्पुरती स्मृती अवघी दोन किलोबाइट असते. या लेखाचा एक परिच्छेदही तिच्यात देवनागरीत मावणे कठीण. तरीही हे काम तिला पुरून उरते, कारण तिला एवढेच करायचे असते: तारेवरचा दाब चढला की घड्याळ पाहायचे, उतरला की घड्याळ पाहायचे आणि दोहोंतले अंतर लिहून ठेवायचे. स्वस्तातली संग्राहक पट्टी कोणी बोलत नसतानाही गप्प बसत नाही. हवेतला गोंधळच ती मोठा करून ऐकवीत राहते. त्यामुळे पहिल्यांदा पडद्यावर नुसता आकड्यांचा पाऊस पडतो आणि विद्यार्थ्याचा धीर सुटतो. मग त्याने यती शोधायचा. एकतीस मात्रांची शांतता सापडली की तिच्या मागोमाग येणाऱ्या चोवीस जोड्या मोजायच्या, लघू की गुरू ते ठरवायचे आणि तोच चरण लागोपाठ दोनदा जसाच्या तसा आला तरच तो खरा मानायचा. मोडीचा जुना कागद वाचणारा माणूस हेच करतो. एक ओळखीचे वळण सापडले की बाकीची ओळ हळूहळू उलगडू लागते.

आणि ती उलगडली की ध्यानात येते की, या बोलीत कोणतेच रहस्य नाही. रिमोट आज जे नाव उच्चारतो तेच उद्या आणि तेच दहा वर्षांनी उच्चारणार. ज्याने ते एकदा ऐकले, त्याला ते पुन्हा उच्चारता येते. संग्राहक पट्टीच्या जागी तशीच चिमुकली प्रक्षेपक पट्टी लावली की झाले. यापेक्षा जुन्या जातीचे रिमोट तर अधिकच भोळे. त्यांत नाव ठरवण्यासाठी आठ टाके असतात. प्रत्येक टाका धन टोकाला जोडायचा, ऋण टोकाला जोडायचा किंवा मोकळा सोडायचा. तिनाचा आठवा घात, म्हणजे ६,५६१ नावे. पण डाग देण्याचा कंटाळा करून बसवणाऱ्याने आठही टाके मोकळे सोडले, तर सबंध आळीतल्या साऱ्या यंत्रांचे नाव एकच होते, आणि शेजाऱ्याने आपला दिवा लावला की आपली मोटार सुरू होते. मग लोक म्हणतात, रिमोट ‘खराब’ निघाला.

दिव्याचे ठीक आहे. विहिरीचे काय? मोटारीचा फुटवॉल्व्ह अडकला म्हणून माणूस विहिरीत उतरलेला आहे, किंवा पंपाजवळ वाकून जोड उघडून बसला आहे, आणि दोन शेते पलीकडच्या रिमोटवरून अथवा कोणाच्या खोडसाळपणातून मोटार सुरू झाली, तर? रिमोट स्वतःच्या खिशात आहे एवढ्यावर विसंबलेला तो माणूस काय करणार? विजेच्या कामात जुना वायरमन एक नियम पाळतो: कामाला हात घालण्याआधी फ्यूजच्या ग्रिपा काढायच्या आणि त्या दुसऱ्या कोणाच्या हाती न देता आपल्या खिशात ठेवायच्या. रिमोट आल्यापासून ग्रिपा काढण्याची सवय मोडत चालली आहे. कळ बंद आहे म्हणजे वीज बंद आहे, असा भाबडा समज त्या सवयीची जागा घेत आहे. फाटकाच्या आणि शटरच्या रिमोटबाबत चोरीचे भय लोकांना निदान कळते. विहिरीतले भय अजून कोणी मोजलेले नाही.

हे सारे छापू नये, चोरांना वाट सापडेल, असे म्हणणारे सज्जन भेटतील. चोरांना ही वाट ठाऊक आहे. ती जगभर पुस्तकांत उघडी पडलेली आहे. ठाऊक नाही ती घरधन्याला. दुसऱ्याच्या संदेशात हात घालणे हा अधर्म आहे आणि कायद्याने गुन्हाही. स्वतःच्या पैशांनी घेतलेल्या वस्तूचे बोलणे समजून घेणे यात मात्र ना अधर्म आहे ना गुन्हा. किंबहुना ते कर्तव्य आहे. मुलांना ही मर्यादा शिकवायची ती विद्येसोबत शिकवायची असते, विद्या झाकून ठेवून नव्हे.

परभणीच्या बाबतीत तर हे अधिकच शोभून दिसेल. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ या म्हणीचा अर्थ लोक आपापल्या सोयीने लावतात. बाहेरचे तिच्यात मागासपणाची थट्टा पाहतात. त्यांना पाथरी ठाऊक नसते. पाथरी म्हणजे जुने पार्थपूर. तेथल्या ज्ञानराज नावाच्या ज्योतिर्विदाने इ. स. १५०३ च्या सुमारास ‘सिद्धान्तसुंदर’ हा ग्रहगणिताचा ग्रंथ रचला. त्याचा पुत्र सूर्यदास याने भास्कराचार्यांच्या बीजगणितावर १५३८ साली आणि नंतर लीलावतीवर टीका लिहिली. याच सूर्यदासाचे एक विलोमकाव्य आहे. त्याचे श्लोक सरळ वाचले तर रामकथा आणि शेवटाकडून उलट वाचले तर कृष्णकथा. एकाच अक्षरमालिकेत दोन अर्थ बसवणारा आणि वाचणाऱ्याने तो क्रम ओळखावा अशी अपेक्षा ठेवणारा हा पंडित गोदाकाठच्या पाथरीचा होता, ही गोष्ट परभणीच्या किती विद्यालयांत सांगितली जाते? महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत लिहून ठेवले आणि इतिहासाचार्य राजवाड्यांनी त्या लिपीची किल्ली शोधून काढली, ही तर मराठीच्या इतिहासातली प्रसिद्ध कथा. संकेत रचणे आणि संकेत फोडणे या दोन्ही विद्या आपल्याकडे होत्या. आज दोन्हींचे माहेर परदेशात गेले आहे.

बिनतारी कळ तरी मूळची कोणाची? १८९५ साली आचार्य जगदीशचंद्र बसूंनी कोलकात्याच्या टाऊन हॉलमध्ये भिंतींपलीकडून विद्युत्-लहर पाठवून दुसऱ्या दालनातली घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू उडवली. तार नाही, दोरी नाही. इकडे कळ, तिकडे क्रिया. रिमोटची व्याख्या याहून वेगळी काय करायची? मार्कोनीचे नाव जगभर झाले ते नंतर. या शोधातून पैसा करावा असे बसूंना वाटले नाही. १९०१ साली एका तारायंत्र कंपनीचा मालक स्वामित्वहक्काचा कागद हाती घेऊन त्यांच्या दारी आला, तेव्हा त्यांनी त्याला परत पाठवले. भगिनी निवेदिता आणि सारा बुल यांच्या आग्रहामुळेच अखेर त्यांच्या संग्राहकाचे अमेरिकन स्वामित्वपत्र १९०४ साली त्यांच्या नावे झाले. बसूंचा त्याग वंदनीय आहेच. परंतु निवेदितांची दूरदृष्टीही तितकीच वंदनीय मानली पाहिजे, आणि आपल्या भाषणांत पहिल्याचा उल्लेख शंभरदा व दुसरीचा एकदाही होत नाही, ही खटकणारी गोष्ट आहे.

येथे थोडे आत्मपरीक्षण अपरिहार्य ठरते. २०२० साली गलवानच्या रक्तपातानंतर गावोगाव चिनी मालाच्या होळ्या झाल्या. भावना शुद्ध होती. दिवाळीच्या माळा, खेळणी, पिचकाऱ्या त्यात पडल्या. परंतु ज्यांनी त्या होळ्या पेटवल्या त्यांच्याच घरांतल्या रिमोटवर भारतीय नावाचे वेष्टन होते आणि आत संकेत घालणारी चकती तैवानच्या किंवा चीनच्या आराखड्याची होती. वेष्टनावरचे नाव वाचणे हा स्वदेशीचा पहिला पाठ. आतली चकती वाचणे हा दुसरा. पहिल्याच इयत्तेत आपण किती वर्षे काढणार? पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ साली मुंबईच्या एकात्म मानवदर्शनावरील व्याख्यानांत विश्वेश्वरय्यांच्या विवेचनाचा आधार घेऊन सांगितले होते की, माणूस, साधनद्रव्य, भांडवल, व्यवस्थापन, ऊर्जा, बाजार आणि यंत्र या साऱ्यांचा एकत्र विचार झाला पाहिजे. यंत्र आधी ठरवून बाकीच्यांनी त्याच्या मागे फरफटत जाणे योग्य नव्हे. परभणीची वीज, परभणीची विहीर, परभणीचा माणूस यांना जुळेल असा रिमोट परभणीत घडावा, असे यातून निघत नाही काय?

तो घडणे अशक्य कोटीतले नाही. दरवेळी नाव बदलणारा संकेत, म्हणजे एकदा वापरलेला शब्द पुन्हा न चालणारा रिमोट, जगात अनेक वर्षांपासून आहे. दक्षिण आफ्रिकेतील एका कंपनीने १९८०च्या दशकात कीलॉक नावाची अशी पद्धत रचली आणि १९९५ साली अमेरिकेच्या मायक्रोचिप कंपनीने ती १ कोटी डॉलरना विकत घेतली. मोटारगाड्यांच्या किल्ल्यांत ती वर्षानुवर्षे वापरली गेली. पुढे २००७-०८ मध्ये युरोपातील विद्यापीठांच्या संशोधकांनी तिचीही फोड करून दाखवली. म्हणजे कोणतेही कुलूप कायमचे नसते आणि किल्लीदाराला जागे राहावेच लागते. आज साध्या सूक्ष्मनियंत्रकावर याहून बळकट संकेतपद्धती चालू शकतात, आणि शेतीच्या मोटारीसाठी तर आणखी सोपे उपाय आहेत: ठरावीक काळानंतर मोटार आपोआप बंद होणे, आज्ञा मिळाल्याची उलट पोच येणे आणि विहिरीच्या काठावर अशी एक साधी खटक्याची कळ असणे, की जी खाली असेपर्यंत रिमोटचे काहीही चालू नये. शेवटच्या उपायाला तर विज्ञानाची पदवीही लागत नाही.

साधनांचीही उणीव नाही. नीती आयोगाने २०१६ पासून शाळांतून अटल टिंकरिंग प्रयोगशाळा सुरू केल्या; प्रत्येकीस वीस लाख रुपयांपर्यंत अनुदान. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी या आहेत आणि त्यांच्या कपाटांत हेच सूक्ष्मनियंत्रक असतात. ती कपाटे पाहुणे येण्याच्या दिवशीच उघडत असतील, तर दोष दिल्लीचा नव्हे. परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ सालापासून उभे आहे; राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्पाखाली तेथे रोबो, ड्रोन आणि स्वयंचलित वाहनांवर काम झाले. ड्रोनच्या प्रात्यक्षिकाला गर्दी जमते, छायाचित्रे येतात. विहिरीवरच्या रिमोटची तपासणी करून कोणता घ्यावा व कोणता घेऊ नये हे शेतकऱ्याला छापून देणे, हे कमी दिमाखाचे पण अधिक निकडीचे काम विद्यापीठाने अंगावर घ्यावे. आणि परक्या पट्टीचाच आधार घ्यायचा नसेल, तर सी-डॅकने ‘वेगा’ मालिकेतील तेजस-३२ या भारतीय आराखड्याच्या नियंत्रकावर ‘एरीज’ नावाच्या पट्ट्या विद्यार्थ्यांसाठी तयार केल्या आहेत. जो पाठ आर्दुइनोवर होतो तो त्यांवरही होतो.

ज्या गावांत शाखा आहे, वसतिगृह आहे, एखादा हौशी विज्ञानशिक्षक आहे, तेथे दिवाळीच्या सुटीत आठ-दहा मुलांना घेऊन हा उद्योग करता येण्याजोगा आहे. प्रत्येकाने घरचा रिमोट आणावा, त्याचे नाव वाचावे, वहीत लिहावे. पहिले दोन दिवस आकड्यांच्या पावसात जातील. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोणाला तरी यती सापडेल. दोन मुलांच्या रिमोटचे नाव एकच निघाले, तर त्या दोन्ही घरी जाऊन ते सांगावे, शक्य तेथे टाके बदलून द्यावेत, आणि ज्यांच्या विहिरीवर रिमोट आहे त्यांच्याकडे काठावरचा खटका बसला आहे की नाही ते पाहून यावे. बहुतेक ठिकाणी तो बसलेला नसेल. तो बसेपर्यंत विहिरीत उतरणाऱ्याने ग्रिपा काढून खिशात ठेवाव्यात, असे त्या घरच्या मंडळींना बजावून यावे.